माउंट निबोची राखण

व्हर्नेलनं टोपलीवरचा चकचकीत कागद फाडला, आतली लोशनची बाटली उघडून नाकाशी नेली आणि लगेच झाकण लावून टेबलाच्या दुसऱ्या टोकाला सरकवून दिली. एकतीस वर्षं तिनं कारखान्यात कॅटफिश सोलले होते. आतडी, रक्त, बर्फाचं गढूळ पाणी, कुठल्याच वासाची तिला कधी किळस आली नव्हती. या लॅव्हेंडरच्या वासाची आली.

चर्चच्या तळघरात अशा चोवीस टोपल्या मांडल्या होत्या. प्रत्येकीत एक बाटली, पायमोज्यांचा एक जोड, एक चॉकलेट आणि एक गुलाबी घडीपत्रक. पत्रकावर बाळाला छातीशी धरून हसणारी एक सावळी आई होती. तिच्या डोक्यावर लिहिलं होतं, तुमच्या शरीराचं ऐका.

"मोजे तरी बरे असतील," सिस्टर ओझेल आरशासमोर पांढरी टोपी टाचत म्हणाली.

"नायलॉनचे आहेत."

"मग राहू देत. बाळंतिणीचे पाय उकडायचे."

व्हर्नेल हसली नाही. टोपल्या पाठवणारं हॉस्पिटल पन्नास मैलांवर होतं. गावातला बाळंतपणाचा विभाग बंद झाल्यापासून तेवढं एकच उरलं होतं. मागच्या ऑक्टोबरमध्ये त्याच हॉस्पिटलनं डेल्फीनला दोनदा परत पाठवलं होतं. बाळंत होऊन अकरा दिवस झालेली पोर डोकं धरून गेली आणि डोकं धरून परत आली. पहिल्यांदा तिला सांगितलं, झोप पुरी करा. दुसऱ्यांदा सांगितलं, पाणी जास्त प्या. पुढच्या रविवारी ती याच चर्चमध्ये, ऐन प्रवचनात कोसळली आणि सोमवारी गेली. आता तेच हॉस्पिटल माउंट निबो चर्चमध्ये 'माता-आरोग्य रविवार' साजरा करायला आलं होतं. बाहेर फोटोवाला तिवई लावत होता. चोवीस पत्रकांत डेल्फीनचं नाव कुठेही नव्हतं. व्हर्नेलनं सगळी उघडून पाहिली होती, जणू एखाद्यात चुकून छापलं गेलं असेल.

डेल्फीन गेल्यावर व्हर्नेलनं बाळंतिणींची राखण सुरू केली. व्हर्नेल, ओझेल आणि चर्चच्या पांढऱ्या गणवेशातल्या बाकीच्या बायकांना सगळे नर्स म्हणत, पण त्या शिकलेल्या नर्स नव्हत्याच. प्रवचनात कुणाच्या अंगात पवित्र आत्मा आला, कुणी नाचता नाचता पडलं, तर सावरायचं, वारा घालायचा, मांड्यांवर कापड टाकून लाज राखायची, एवढंच त्यांचं काम. बाळंतिणीच्या घरी रस्सा आणि लंगोट पोचवणं हे त्यांच्या आयाही करत आल्या होत्या. व्हर्नेलनं त्यात रक्तदाब मोजायचं यंत्र आणलं आणि एक नियम घातला. पोटुशी बाई सहाव्या महिन्यापासून बाळ वर्षाचं होईपर्यंत हॉस्पिटलात एकटी जाणार नाही. दोघी सोबत जातील. एक बोलेल, दुसरी घड्याळात बघून प्रत्येक शब्द वहीत लिहील. समोर पेन्सिल चालू असली की डॉक्टरांचं बोलणं बदलतं, हा त्यांचा अनुभव होता.

पण यंत्र वरच्या सभागृहात आणायचं नाही, असं चर्चचा कारभार बघणाऱ्या डीकनांनी ठरवलं होतं. लोक स्तुतीला येतात, दवाखान्यात नाही. रेव्हरंड लाथम प्रेमानंच बोलले होते, सिस्टर, प्रभू कुणाशी काम करत असला तर आपण मध्ये हात घालू नये. व्हर्नेलनं मान डोलावली होती. कारण डेल्फीन पडली तेव्हा हेच वाक्य तिनं स्वतः म्हटलं होतं. पोरीच्या गुडघ्यांवर कापड टाकून, तिला मांडीवर घेऊन, वारा घालत ती भोवतीच्या बायकांना सांगत राहिली होती, राहू द्या तिला, प्रभू तिच्याशी काम करतोय. वीस मिनिटं.

यासाठी तिला कुणी बोललं नाही. डेल्फीनची आई आयडेला, चर्चचा ऑर्गन वाजवणारी, हिनं तर साक्ष दिली होती की माझी मुलगी आत्म्याच्या पंखांवर बसून गेली, असं मरण भाग्यवंतांना येतं. अख्ख्या चर्चनं आमेन म्हटलं. तेव्हापासून आयडेलाशी बोलताना व्हर्नेल तिच्या कानातल्या मोत्याकडे बघायची.

जिन्यावर पावलं वाजली. बाळंतीण केझाया खाली आली. बाळाला तिच्या आत्यानं वरच बाकावर धरलं होतं. अंगात पिवळा रविवारचा झगा, पायांत नवऱ्याच्या, घरात घालायच्या सपाता.

"चपला कुठायत गं?"

"चढल्या नाहीत, मिस व्हर्नेल."

व्हर्नेलनं खाली बसून तिच्या घोट्यावर अंगठा दाबला. अंगठा काढला तरी खळगा तसाच राहिला. बाळंतपणाला नऊ दिवस झाले होते. डोकं शुक्रवारपासून दुखत होतं आणि शुक्रवारीच ती हॉस्पिटलात जाऊन आली होती, एकटी. एवढ्याशा डोकेदुखीला दोन म्हाताऱ्यांना कशाला त्रास, असं तिला वाटलं. तिथल्या खिडकीतल्या बाईनं तिला तीनदा विचारलं की दुखण्याच्या गोळ्यांची सवय आहे का. मग हातात कागदी पेला देऊन लघवी तपासायला लावली, गोळ्यांसाठी, बाकी कशासाठी नाही. मग झोप कमी झालीय म्हणून परत पाठवलं. हे सांगताना केझाया एकदाही रडली नाही. आपल्या सपातांकडे बघत सांगत होती.

व्हर्नेलनं तिच्या दंडाला पट्टा बांधला. एकशे अठ्ठेचाळीस, चौऱ्याण्णव. भिंतीवरच्या तक्त्याप्रमाणे हा आकडा फोन करण्याचा होता. एकशे साठ झाले तर थेट निघायचं. तिनं गुलाबी पत्रकावरचा नंबर लावला. गोड आवाजातली एक बाई म्हणाली, आपला फोन आमच्यासाठी मोलाचा आहे. मग पियानो वाजला. मग तीच बाई म्हणाली की कार्यालय सोमवार ते शुक्रवार उघडं असतं.

व्हर्नेलनं फोन ठेवला आणि हात झग्याला पुसले.

"चल. गाडी काढते."

"मी तिथं परत जाणार नाही."

"आम्ही दोघी आहोत ना. ओझेल लिहील."

"तिचं अक्षर तिलाच लागत नाही," केझाया म्हणाली. मग थांबून, जरा खालच्या आवाजात, "मला प्रवचन ऐकू द्या. तीन आठवडे ऐकलं नाही. ते झालं की परत मोजा, मग म्हणाल तिथं येते. रेव्हरंडच्या आवाजानं डोकं उतरेल माझं."

व्हर्नेलला हे कळत होतं. तिचंही डोकं त्याच आवाजानं आजवर किती वेळा उतरलं होतं. तिनं होकार दिला, आणि देताक्षणी तिला स्वतःचा राग आला. केझाया जिना चढून गेल्यावर तिनं यंत्र उचललं, मांडीवर टाकायच्या पांढऱ्या कापडात गुंडाळलं आणि काखेत धरून वर गेली. ओझेलनं ते पाहिलं आणि दार धरलं.

वर पहिल्या बाकावर हॉस्पिटलतर्फे आलेली मिसेस कॅल्डवेल बसली होती. राज्यातल्याच बर्मिंगहॅम शहरातली, आपल्याच काळ्या रंगाची, करड्या रेशमी पोशाखातली. गोरी बाई पाठवली असती तर व्हर्नेलला निदान तिच्याकडे न बघण्याची सोय होती. मिसेस कॅल्डवेल चार मिनिटं बोलली. भागीदारी म्हणाली, विश्वास म्हणाली, आम्ही ऐकतो असं दोनदा म्हणाली. फोटोवाला गुडघ्यावर बसला. पाच बाळंतिणींना टोपल्या घेऊन उभं केलं, त्यात केझायाही. दिव्याचा झोत तोंडावर आला तशी तिनं डोळे गच्च मिटले. फोटोवाला म्हणाला, ताई, हसा की जरा. व्हर्नेलनं काखेतलं कापड घट्ट धरलं.

मग रेव्हरंड लाथम उठले, आणि काही काळ ती सगळं विसरली.

पवित्र शास्त्रातल्या शूनेम गावच्या बाईची गोष्ट होती. मुलानं आईच्या मांडीवर प्राण सोडला, तिनं त्याला संदेष्ट्याच्या खाटेवर निजवलं, दार लावलं आणि संदेष्ट्याला गाठायला गाढवावर खोगीर घालायला सांगितलं. रेव्हरंड सुरुवातीला नुसते बोलत होते, अंगणात उभं राहून शेजाऱ्याशी बोलावं तसे. हळूहळू वाक्यं आखूड झाली. मग प्रत्येक वाक्याच्या शेवटी श्वास येऊ लागला आणि त्या श्वासाच्या फटीत आयडेलाचा ऑर्गन उत्तर देऊ लागला. मग बोलणं कुठं संपलं आणि गाणं कुठं सुरू झालं ते कुणाला सांगता आलं नसतं. नवरा विचारतो, आज कशाला निघालीस. ती थांबत नाही. वाटेत नोकर येतो, विचारतो, बाई, घरी बरं आहे ना. ती थांबत नाही. डोंगर आडवा येतो. ती थांबत नाही. लोक उभे राहिले. म्हातारे डीकन पाय आपटू लागले. ती थांबत नाही, रेव्हरंड गात होते, आणि ऑर्गन त्यांच्या पायाखाली पायरी ठेवत होता, आणखी एक, आणखी एक. व्हर्नेलच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. एवढा राग पोटात घेऊन आलेल्या बाईलाही प्रभू असा उचलून घेतो, म्हणून.

चौथ्या बाकावर केझायानं हात वर केला.

"होऊ दे, पोरी," मागून कुणीतरी म्हणालं.

स्तुतीला वर जाणारा हात तळवा आभाळाकडे करून जातो. केझायाचा हात कपाळाशी थांबला होता, रंगीत खिडकीतून येणारा उजेड अडवत. व्हर्नेलनं ते पाहिलं. मग केझाया उठली, बाकाच्या कडेनं धडपडत मधल्या वाटेत आली, दोन्ही हात पसरून, जणू काही धरायला शोधत. लोकांनी टाळ्यांची लय वाढवली. आईला पुरल्यापासून ही पोर चर्चमध्ये कधी मोकळी झाली नव्हती. ती गुडघ्यांवर आली, मग कुशीवर पडली.

चार पांढरे झगे तिच्याभोवती जमले. ओझेलनं पंखा धरला. व्हर्नेल गुडघे टेकून बसली आणि तिच्या हातांनी आपोआप केझायाच्या पायांवर कापड पसरलं. कापड सुटलं तसं यंत्र तिच्या मांडीवर घरंगळलं. वरून रेव्हरंडनं गाता गाताच हात हलवला, राहू द्या तिला, असं. डीकन त्यांच्याकडे बघत होते. पहिल्या बाकावरची करड्या रेशमातली बाई टाळ्या वाजवत होती. व्हर्नेलनं पट्टा हातात घेतला. तिला पुरतं माहीत होतं काय करायचं ते, आणि तरी ती वर, व्यासपीठाकडे बघत राहिली, कुणीतरी परवानगी देईल म्हणून.

ऑर्गन थांबला.

उताराला लागून नाही, हळू होत नाही. मध्येच, एका वाक्याच्या पोटात. रेव्हरंडचा आवाज एकटाच वर राहिला आणि खाली कुठे पाय टेकावा ते त्याला कळेना. टाळ्या विस्कटल्या. माउंट निबोच्या साठ वर्षांत असं झालं नव्हतं. आयडेला बाकावरून अर्धी वळली होती, दोन्ही हात मांडीवर.

"व्हर्नेल," ती म्हणाली, "मोज."

पट्ट्याचा चर्रकन आवाज सगळ्या सभागृहात ऐकू गेला. एकशे शहाऐंशी, एकशे अठरा.

"दिवे दोन-दोन दिसतायत," केझाया पुटपुटली.

अँब्युलन्स यायला तास लागला असता. डीकन प्रुइट गाडी आणायला धावले. मिसेस कॅल्डवेल वाकून हलक्या आवाजात सांगत होती की अशा वेळेसाठी आमचा एक नंबर आहे.

"तो लावून झाला," व्हर्नेल म्हणाली. "तुम्ही गाडीत बसा."

ती बसली. का बसली ते तिलाही कळलं नसावं. पन्नास मैल केझायाचं डोकं ओझेलच्या मांडीवर होतं, पुढं व्हर्नेल दर दहा मिनिटांनी आकडा विचारत होती आणि मागच्या कोपऱ्यात करडं रेशीम चुरगळत होतं. आयडेला स्वतःच्या गाडीनं मागून आली. तिला कुणी ये म्हटलं नव्हतं.

तातडीच्या विभागात खिडकीतल्या बाईशी मिसेस कॅल्डवेलच पुढं होऊन बोलली. बाळंतीण आहे, नऊ दिवस, रक्तदाब एवढा, एवढा. खिडकीतल्या बाईनं मान वर केली नाही.

"सगळ्यांनाच घाई असते, बाई. बसून घ्या."

मिसेस कॅल्डवेल तशीच उभी राहिली. गळ्यातलं ओळखपत्र तिच्या पोशाखात उलटं अडकलं होतं. तिनं ते ओढून काढलं, सुलटं केलं आणि काचेवर टेकवलं. मग खुर्ची सरकल्याचा आवाज आला, दार उघडलं, चाकांची खाट आली, दोघं-तिघं धावले. ओझेल वही उघडून खाटेच्या मागं आत गेली. मिसेस कॅल्डवेल व्हर्नेलकडे वळून काहीतरी म्हणणार होती.

"यांना तुमचं ओळखपत्र दिसलं," व्हर्नेल म्हणाली. "पोर शुक्रवारीच दिसायला हवी होती."

मिसेस कॅल्डवेल भिंतीजवळच्या खुर्चीत जाऊन बसली. फोन हातात होता, पण तो तिनं लावला नाही.

चाळीस मिनिटांनी ओझेल बाहेर आली. शिरेतून औषध सुरू झालं होतं. झटका यायच्या आत आलात, असं डॉक्टर म्हणाले होते. तिनं ते वाक्य लिहून, वेळ घालून, त्यांना वाचून दाखवलं होतं. खालचा आकडा शंभराच्या आत आला होता. दोन दिवस ठेवून घेणार होते. एवढं सांगून ती केझायाच्या आत्याला फोन करायला गेली, बाळाच्या दुधाचं बघायला.

व्हर्नेलनं टोपी काढली. दोन खुर्च्या सोडून आयडेला बसली होती. तिची बोटं गुडघ्यांवर होती, वाजवत नव्हती.

"आयडेला," व्हर्नेल म्हणाली. सहा महिने तोंडात धरलेलं वाक्य आता निघालं तर निघालं. "डेल्फीन पडली तेव्हा मी..."

"मला ऑर्गनवरून सगळं दिसतं," आयडेला म्हणाली.

व्हर्नेल तिच्याकडे वळली.

"व्यासपीठावरून नाही दिसत. रेव्हरंडच्या डोळ्यांत घाम असतो. मला दिसतं. तिचं तोंड एका बाजूला ओघळलं होतं. लाळ आली होती. तू ती पुसलीस."

"हो."

"रुमालानं पुसलीस आणि वर बघितलंस. माझ्याकडे."

व्हर्नेलला ते आठवत नव्हतं. आता आठवलं.

"प्रवचन अगदी टोकाला होतं," आयडेला म्हणाली. तिचा आवाज साधा होता, बाजारातून काय आणलं ते सांगावं तसा. "अशा वेळी कुणी हात काढत नाही. मी सत्तेचाळीस वर्षांत काढला नव्हता. तू माझ्याकडे बघितलंस, आणि मी सूर एक घर वर नेला."

समोरच्या भिंतीवर गुलाबी चित्र होतं, तीच हसणारी आई. व्हर्नेल तिकडे बघत राहिली. तिच्या छातीवरून काहीतरी उतरलं होतं, सहा महिन्यांचं, अख्ख्या माणसाएवढ्या वजनाचं. खांदे आपोआप खाली आले. तिला हलकं वाटलं. आयडेलानं आपल्या लेकीचं मरण उचलून दाखवावं आणि आपल्याला हलकं वाटावं, याची तिला अशी किळस आली की दिवसभरात कशाचीच आली नव्हती. तिनं तोंडावर हात दाबला.

आयडेलानं पाहिलं. ती उठली, कोपऱ्यातल्या नळावरून कागदी पेल्यात पाणी घेऊन आली आणि मधली एक खुर्ची ओलांडून तिच्या शेजारी बसली.

"पी," ती म्हणाली. "मग आत जाऊ. मला आत काय काय विचारायचं असतं ते माहीत नाही. तू बोल. मी लिहिते."